कधीपासून?

३ फेब्रुवारी

काल आंघोळ करताना हाताला गाठ लागली. डाव्या बाजूला, काखेजवळ. हरभऱ्याएवढी असेल. दुखत नाही.

कालच लक्षात आलं.

कुणाला सांगायचं नाही — ह्यांना नाही, लेकीला नाही, डॉक्टरला तर मुळीच नाही. एक एप्रिलपर्यंत थांबायचं. एक एप्रिलला विम्याचा नवा कायदा लागू होतोय. त्यानंतर ‘हे दुखणं पॉलिसीच्या आधीचं’ असं म्हणून कंपनीला हात वर करता येणार नाहीत. पण मेख अशी, की एक एप्रिलच्या आधी जे दुखणं कागदावर आलं ते जुन्याच नियमाने मोजणार. म्हणजे आज मी गेले, डॉक्टरांनी लिहिलं, की संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ते हेच.

दोन महिने काही फार नाहीत.

ही वही ह्यांनीच शिवलेली, उरलेल्या कागदांची. कपाटात कोरी पडून होती. कुठेतरी बोलायला हवं म्हणून काढली. वही काही उठून कंपनीला सांगायला जाणार नाही.

४ फेब्रुवारी

तशीच आहे. सारखा हात लावायचा नाही असं ठरवलं. ठरवून चार वेळा लावला.

९ फेब्रुवारी

आज खिडकीवर मरणाची गर्दी.

माझी बसायची जागा म्हणजे हॉस्पिटलची विमा खिडकी. पेशंटचे कागद घ्यायचे, कंपनीला पाठवायचे, मंजुरी येईपर्यंत नातेवाइकांची तोंडं बघत बसायचं. इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे — अख्ख्या फायलीत एकच ओळ महत्त्वाची. डॉक्टर पहिल्या कागदावर लिहितात ती. त्रास कधीपासून? बाकीची फाइल कंपनीवाले नुसती चाळतात, ह्या ओळीवर मात्र बोट ठेवतात. दुखणं दोन वर्षांचं, पॉलिसी दीड वर्षाची — गेला क्लेम.

म्हणून शहाणे लोक डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. मी कुणाला खोटं बोलायला शिकवत नाही. मी एवढंच म्हणते, ‘नीट आठवून सांगा.’ आणि ‘नीट’वर जरा जोर देते. शहाण्याला शब्दाचा मार. बहुतेकांना मग आठवतं, की त्रास कालपासूनच आहे.

आज लाँड्रीवाल्या वहिनी आल्या होत्या. आमच्या बिल्डिंगखाली नवराबायकोचं इस्त्रीचं दुकान. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे भाऊंचा, खोकला थांबत नाही.

‘ताई, आमची पॉलिसी ऑगस्टमधली. खोकला त्याच्या आधीचा आहे. तसं सांगू ना?’

‘वहिनी, नीट आठवून सांगा.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘चार दिवस झाले असतील.’

‘मग चारच सांगा. भाऊंनाही सांगून ठेवा.’

चार हा चांगला आकडा. काल म्हटलं तर डॉक्टर हसतात, महिना म्हटलं की प्रश्न वाढतात. जाताना वहिनी म्हणाल्या, ‘तुम्ही होता म्हणून बरं.’ मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

१२ फेब्रुवारी

लोकांना वाटतं, हिला काय, ही विम्यातच बसलेली. काम हॉस्पिटलचं, पगार ठेकेदाराचा, विमा कुणाचाच नाही. दिव्याखाली अंधार.

ह्यांची प्रेस चालू होती तोवर प्रेसचा विमा दोघांना होता. मागच्या मेमध्ये प्रेस बंद झाली, त्याच दिवशी विमाही बंद. मग आम्ही निघालो दारोदार. सरकारी योजनेत गेलो तर ह्यांना प्रेसने जाताना दिलेली रक्कम उत्पन्नात धरली. तुम्ही गरीब नाही, म्हणाले. खासगी कंपन्यांकडे गेलो तर ह्यांचं वय आणि माझं वजन बघून म्हणाले, तुम्ही धडधाकट नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. शेवटी ऑक्टोबरात एकीने घेतलं. अट अशी, की पॉलिसीच्या आधीचं कुठलंही दुखणं तीन वर्षं चालणार नाही. मधले महिने आम्ही दोघं बिनविम्याचे. रस्ता ओलांडताना मी ह्यांचा हात धरायची, लग्नानंतरसुद्धा एवढा धरला नव्हता.

तेव्हाच मी घरात नियम केला होता — आजारी पडायचं तर तारीख बघून पडायचं. ह्यांना तो फार आवडला. आता काहीही विचारलं की तेच. ‘पाठ दुखतेय का?’ — ‘तारीख बघून सांगतो.’ माझंच हत्यार माझ्यावर.

प्रेसमध्ये बाइंडर होते. आता बाहेरच्या खोलीत टेबल टाकून कॉलेजच्या मुलांचे प्रबंध बांधतात. कोपऱ्यात कटिंग मशीन, घरभर खळीचा वास. दिवसभर दाभण आणि दोरा. बोलणं आधीच कमी, त्यात तोंडात दोरा धरलेला.

गाठीचं एक वाईट. तिथे ‘काल’ चालत नाही. कंपनीचा डॉक्टर आकार बघतो आणि लिहितो, एवढी गाठ एका रात्रीत होत नाही, पॉलिसीच्या आधीचीच आहे. अशी पत्रं माझ्याच खिडकीतून मी लोकांच्या हातात दिली आहेत. म्हणून थांबायचं. बाकी काही कारण नाही.

१७ फेब्रुवारी

लेकीचा फोन. ‘आई, आवाज असा का?’ म्हटलं, मला काय धाड भरलीय! मग ती तिच्या ऑफिसचं सांगत बसली. तिला नोकरीचा विमा आहे, त्यात आईवडील बसत नाहीत. जावई झाला की तो बसेल म्हणे.

२० फेब्रुवारी

कँटीनमध्ये कायद्यावरून जुंपली.

माझ्या शेजारच्या खिडकीवाल्याला आम्ही भोंगा म्हणतो. मंजुरी आली की सगळ्या मजल्यांना कळते. तो म्हणाला, ‘हप्ता आपण भरायचा आणि आजारी पडलं की आपणच चोर. नकोच ती कंपनी. सरकारने सगळ्यांना द्यावं, रस्ते देतात तसं.’

हॉस्पिटलचे हिशेबनीस म्हणाले, ‘रस्ते बघितलेस का?’

सगळे हसले. मग हिशेबनीस गंभीर झाले. म्हणाले, कायदा चांगला आहे पण अर्धा आहे. जुनी दुखणी घ्या म्हणता, मग धडधाकट माणसालाही विमा सक्तीचा करा. नाहीतर जो तो घर पेटल्यावर विमा काढायला येणार आणि बाकीच्यांचे हप्ते गगनाला जाणार.

भोंगा म्हणाला, ‘पेटलेल्या घरातल्या माणसाने जायचं कुठे मग?’

दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण मिटलं नाही. मला हिशेबनिसांचा राग आला. एवढा का आला कळलं नाही. चहा अर्धा टाकून उठले.

२७ फेब्रुवारी

वहिनी पुन्हा आल्या होत्या. औषध संपलं, खोकला तसाच, आता तापही येतो. भाऊ पुन्हा डॉक्टरांकडे जायचं म्हणतात. ‘ह्या वेळी काय सांगायचं?’

मी म्हटलं, ‘आधीचा बरा झाला, हा नवा आहे म्हणा. चार दिवसांचा.’

कागद कसा स्वच्छ राहिला पाहिजे.

३ मार्च

आज माझ्या पर्सचा पट्टा बदललेला दिसला. लांब केलाय, आता उजव्या खांद्यावरून आडवा घेता येतो. ह्यांना विचारलं तर म्हणाले, शिवण उसवली होती. उसवली नव्हती. पण डाव्या खांद्याला हल्ली पट्टा काचतो, तेव्हा बरंच झालं.

६ मार्च

सुधारणा समितीच्या बाई आल्या होत्या. कायदा लागू होण्याआधी खिडकीवरच्या लोकांचं ऐकायचं म्हणून हॉस्पिटलं फिरताहेत. चांगल्या होत्या. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि विचारलं, ‘तुमच्या हातात असतं तर तुम्ही काय बदललं असतं?’

इतक्या वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. आणि मी काय सांगावं? प्रिंटरची तक्रार केली. कागद अडकतो, शाई पसरते, दोनदा अर्ज दिलाय. त्यांनी तेही लिहून घेतलं, बिचाऱ्यांनी. भोंगा दिवसभर मला ‘प्रिंटर सुधारणा समिती’ म्हणत होता.

१४ मार्च

सकाळी निघाले तेव्हा लाँड्री बंद. दुपारी कळलं, भाऊ आमच्याच हॉस्पिटलात दाखल आहेत. रात्री रक्ताची उलटी झाली म्हणून.

संध्याकाळी छातीचे डॉक्टर खिडकीशी आले. ते कधी येत नाहीत. सही करता करता स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. ‘क्षय आहे. उजवं फुप्फुस जवळजवळ गेलंय. डावंही धरलंय. चार दिवसांचा खोकला म्हणाले होते. चार दिवसांच्या खोकल्याचा कुणी एक्स-रे काढत नाही. मी सिरप देऊन घरी पाठवलं. दुसऱ्यांदा आले, तेव्हाही चारच दिवस. पहिल्यांदाच खरं सांगितलं असतं तर गोळ्यांनी बरा झाला असता माणूस. लोक असं का करतात हो?’

मी म्हटलं, ‘माहीत नाही, डॉक्टर.’

१५ मार्च

भाऊंचे कागद मीच पाठवले. त्रास कधीपासून — चार दिवस. मंजुरी लगेच आली. भोंग्याने नेहमीसारखी ओरडून सांगितली.

१६ मार्च

भांडी घासताना सुचलं. दोन कागद हवेत. माणूस डॉक्टरला जे सांगतो तो कागद डॉक्टरपाशीच राहावा, कंपनीच्या हातात जाऊच नये. कंपनीने आपली चौकशी आपण करावी. आजारी माणसाला निदान एका खोलीत तरी खरं बोलता आलं पाहिजे.

एवढंच सांगायचं होतं त्या बाईंना. ते सुचायला भाऊंचं फुप्फुस जावं लागलं. विचारलं तेव्हा तोंडात प्रिंटर.

आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान — मी स्वतः कुठल्या खोलीत बोलले आहे?

एप्रिल जवळ आला आहे. थोडंच राहिलं.

२२ मार्च

कायदा पुढे ढकलला. आता एक ऑक्टोबर.

भोंग्याने मोबाइलवर वाचून दाखवलं. काही कलमांवर कंपन्यांची हरकत आहे, दुरुस्त्या व्हायच्या आहेत, सभागृहाचं अधिवेशन संपलं. हिशेबनीस म्हणाले, ‘वरातीमागून घोडं.’ भोंगा म्हणाला, ‘घोडं तबेल्यातून निघालंच नाही, साहेब.’

मी उठून स्टोअरमध्ये गेले. कागदांचे गठ्ठे उगाच खाली काढले आणि परत वर ठेवले. मला रडू आलं, ते कायद्यासाठी नव्हतं. मग तोंड धुऊन खिडकीवर येऊन बसले. रांग होतीच.

२३ मार्च

ऑक्टोबर.

२ एप्रिल

मध्ये काही लिहिलं नाही. काय लिहायचं? तशीच आहे, असं लिहायचं म्हटलं तर तशी नाही.

हरभरा मी उगाच लिहिलं होतं. बोर म्हणायला हरकत नाही. मोठं बोर. आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसते. रोज शेकडो फायली हाताळते, ह्याचा अर्थ मला कळतो. न कळायला काय मी पहिल्यांदा खिडकीवर आलेली बाई आहे?

कालपासून डोक्यात हिशेब चालू आहे. आत्ता गेले तर विमा नाही. ऑक्टोबरात गेले तर विमा आहे, पण मी असेन का ते माहीत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि तोंड दुसऱ्या कुणी दाबलेलं नाही.

बाजारातून येताना ह्यांनी दोन्ही पिशव्या स्वतःकडे घेतल्या. म्हटलं, एक द्या. म्हणाले, ‘राहू दे.’

८ एप्रिल

भाऊ गेले. दुपारी.

दुकानाला कुलूप. माझे दोन ड्रेस आत आहेत. हा विचार मनात आला आणि स्वतःचीच किळस आली.

११ एप्रिल

वहिनी शेवटचे कागद घ्यायला आल्या होत्या. त्यांचीही तपासणी सांगितली आहे, त्यांनाही खोकला आहे. म्हणाल्या, भावाकडे जाणार, दुकान आता एकटीने कशी चालवू?

मी कागद दिले. सगळं मंजूर झालेलं, एक पैसा भरावा लागला नाही. वहिनींनी खिडकीच्या खालच्या फटीतून हात आत घातला आणि माझा हात धरला.

‘ताई, तुम्ही होता म्हणून क्लेम पास झाला. नाहीतर आम्ही कुठून आणलं असतं? तुमचे उपकार कसे फेडू?’

त्या मनापासून बोलत होत्या. एक शब्द टोचून नाही. मागे रांग होती, कुणीतरी म्हणालं, ‘ओ ताई, लवकर.’ मला वाटलं, आत्ता वहिनींनी मला शिव्या द्याव्यात, खिडकीची काच फोडावी. त्या हात जोडून गेल्या.

मी पुढच्या माणसाचे कागद घेतले. तरुण होता, बायकोच्या पोटात दुखतं म्हणाला, डॉक्टरांकडे जायचंय. ‘काय सांगू, ताई?’

म्हटलं, ‘जे आहे ते सांगा.’

‘पण मग क्लेम —’

‘आधी बायको.’

भोंगा वळून माझ्याकडे बघत राहिला.

१२ एप्रिल

ह्यांना सांगितलं.

सकाळी हे टेबलाशी बसले होते. एक जाड प्रबंध शिवत होते. मी समोर स्टूल घेऊन बसले. म्हटलं, ‘मला गाठ आहे. इथे.’

त्यांनी दोरा दातांतून काढला. दाभण पुठ्ठ्यात टोचून ठेवलं. उठून हातांची खळ धुतली, चांगला वेळ लावून. मग म्हणाले, ‘चल.’

‘आत्ता गेलो तर विमा मिळणार नाही. ऑक्टोबरपर्यंत —’

‘चल.’

‘खर्चाचं काय?’

‘कटिंग मशीनला गिऱ्हाईक बघून ठेवलंय.’

कधी बघितलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. मशीन विकल्यावर प्रबंध कशाने कापणार, तेही नाही. फोन केला, सर्जनबाईंची उद्याची वेळ मिळाली. ह्यांनी माझ्यासाठी चहा केला. साखर विसरले. मी तसाच प्यायले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले आज.

१३ एप्रिल

सर्जनबाई ओळखीच्या. त्यांच्या फायली रोज माझ्या हातून जातात. तपासून झाल्यावर खुर्चीत बसल्या, पहिला कागद पुढे ओढला आणि पेन उचलून विचारलं, ‘कधीपासून आहे?’

मी म्हटलं, ‘तसं म्हणजे —’

हे शेजारून म्हणाले, ‘मागच्या मेपासून. प्रेस बंद झाली, त्याच्या पुढच्याच आठवड्यात ती उजव्या कुशीवर झोपायला लागली.’

बाईंनी लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर जिन्यात थांबून ह्यांना विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत? म्हणाले, ‘तुला त्यातलं कळतं. मला वाटलं, तू तारीख बघून ठेवली असशील.’ आणि रडायला लागले. जिन्यात, लोकांसमोर.

मेपासूनच आहे. वहीलासुद्धा मी ‘काल’ सांगितलं होतं.